लेखनकामांची नवी बाजारपेठ : बोली, मोबदला आणि विश्वास

लेखणीवर उपजीविका चालविणे ही महाराष्ट्रात फार थोड्यांना साधलेली गोष्ट आहे. मासिके, दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि आकाशवाणी यांनी लेखकाला नाव दिले, वाचक व श्रोते दिले. परंतु त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेला 'मानधन' म्हणण्याची प्रथा पडली. मान अधिक आणि धन बेताचे, असाच बहुतेकांचा अनुभव राहिला. शिवाय आपल्या लेखनाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगणे हे संकोचाचे मानले गेले. आंतरजालावर गेल्या पंचवीस वर्षांत उभी राहिलेली लेखनकामांची बाजारपेठ मात्र लेखकाला पहिला प्रश्न हाच विचारते : हे काम किती रकमेत करणार ?

या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक देता न आल्यामुळे अनेक सुशिक्षित तरुण-तरुणी अत्यल्प मोबदल्यात राबतात, काही फसविले जातात, आणि काही निराश होऊन बाहेर पडतात. उलट, या बाजारपेठेची रीत समजून घेऊन तालुक्याच्या ठिकाणी राहूनही परदेशातील ग्राहकाचे काम करणे व त्यावर घर चालविणे शक्य आहे. म्हणूनच तिची रचना, तिचे नियम आणि तिच्यातील धोके यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

बाजारपेठ कशी उभी राहिली

१९९८ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकात थॉमस मॅलोन व रॉबर्ट लॉबाकर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. यापुढील काळात पुष्कळशी कामे कायम नोकरांकडून न होता, संगणकाने जोडलेल्या स्वतंत्र व्यावसायिकांकडून होतील, असे त्याचे सूत्र होते. त्या लेखातील 'ई-लान्स' या शब्दावरूनच 'ईलान्स' या कंपनीने आपले नाव घेतले. तिच्या संस्थापकांपैकी बीरुद शेठ हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी. २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी 'ओडेस्क' ही दुसरी संस्था सुरू केली. या दोन्ही कंपन्यांचे पुढे विलीनीकरण झाले आणि २०१५ पासून त्यांचे संयुक्त संकेतस्थळ 'अपवर्क' या नावाने ओळखले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातील 'फ्रीलान्सर' हे संकेतस्थळ २००९ पासून, तर इस्रायलमधील 'फायव्हर' २०१० पासून चालू आहे.

या संकेतस्थळांवर संगणकीय आज्ञावली, आरेखन, हिशेबलेखन, भाषांतर आणि लेखन अशी नाना प्रकारची कामे दिली-घेतली जातात. अशा कामांची जागतिक नोंद ऑक्सफर्ड विद्यापीठातील आंतरजाल-अभ्यास संस्था २०१६ पासून ठेवीत आली आहे. त्या नोंदीनुसार, काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या पुरविणारा देश भारत हाच ठरला. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु तिचा दुसरा अर्थ असा, की येथील लेखकाला सर्वांत अधिक स्पर्धा स्वतःच्या देशबांधवांचीच असते.

उलटा लिलाव

कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारातील लिलाव महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. तेथे माल एकाचा, घेणारे अनेक, आणि बोली वर चढत जाते. आंतरजालावरील कामांच्या बाजारात हे चित्र उलटे असते. काम एकाचे, करणारे अनेक, आणि बोली खाली उतरत जाते. सार्वजनिक बांधकामाच्या निविदेशी या पद्धतीचे अधिक साम्य आहे. ग्राहक कामाचे वर्णन, मुदत आणि अंदाजे रक्कम जाहीर करतो. इच्छुक लेखक आपली रक्कम व अर्जवजा पत्र पाठवितात. ग्राहक त्यांतून एकाची निवड करतो.

निविदेबरोबर बयाणा रक्कम भरावी लागते, तसा येथेही बोलीला खर्च आहे. अपवर्कवर प्रत्येक बोलीसाठी 'कनेक्ट्स' नावाची टोकने खर्ची पडतात व ती विकत घ्यावी लागतात. बयाणा परत मिळतो. बोली नाकारली गेली म्हणून ही टोकने सामान्यतः परत मिळत नाहीत. त्यामुळे दिसेल त्या कामावर बोली लावणे हा नुकसानीचा मार्ग होय. फायव्हरची पद्धत थोडी निराळी आहे. तेथे लेखकच आपल्या सेवेचा फलक लावतो आणि ग्राहक दुकानात यावा तसा येतो.

सर्वच संकेतस्थळे लेखकाच्या प्राप्तीतून आपले शुल्क कापून घेतात. फायव्हरचे शुल्क २० टक्के आहे. अपवर्कने २०२३ मध्ये सरसकट १० टक्के शुल्क लागू केले होते. २०२५ पासून नव्या करारांसाठी ते कामागणिक शून्य ते १५ टक्के असे बदलते ठेवण्यात आले आहे. फ्रीलान्सर या संकेतस्थळावर ठरीव रकमेच्या कामासाठी १० टक्के अथवा ५ डॉलर यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती आकारली जाते. याचा अर्थ असा, की १० डॉलरचे काम घेणाऱ्या लेखकाची निम्मी कमाई शुल्कातच जाते. लहान कामे सोपी असतात म्हणून ती घ्यावीत, हा समज किती महागात पडू शकतो ते यावरून दिसून येईल.

न्यूनतम बोली का जिंकत नाही

शासकीय निविदेत अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी न्यूनतम दराच्या निविदेला सर्वसाधारणपणे प्राधान्य मिळते. तोच नियम येथेही असावा, अशी नवागतांची समजूत असते. वास्तविक ग्राहकावर असे कोणतेही बंधन नसते. सिमेंटची गोणी कोणाकडून घेतली तरी सारखीच. लेखाचे तसे नाही. तो हाती येईपर्यंत चांगला की वाईट हे ग्राहकाला कळत नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही अडचण विशद केली होती. मोटारीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहतो, किंमत पाडून मागतो, आणि चांगली मोटार असणारे बाजारातून निघून जातात. या विवेचनाबद्दल अकरलॉफ यांना पुढे २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लेखनकामांच्या बाजारालाही हे तंतोतंत लागू पडते. फारच कमी बोली पाहिली, की जाणता ग्राहक 'स्वस्त मिळाले' असे म्हणत नाही; 'यात काही तरी उणे असले पाहिजे' असे म्हणतो.

न्यूनतम बोलीने काम मिळालेच, तरी तो लाभच असतो असे नाही. १९७१ साली अमेरिकेतील तीन तेल-अभियंत्यांनी असे दाखवून दिले, की तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणारी कंपनी बहुधा तीच असते, जिचा अंदाज सर्वांत अधिक चुकलेला असतो. उलट्या लिलावात याच न्यायाने न्यूनतम बोली लावणारा लेखक हा अनेकदा कामाचा आवाका ज्याला कळलेला नाही असा लेखक असतो. तीन दिवसांचे काम एका दिवसाचे समजून त्याने रक्कम सांगितलेली असते, आणि उरलेले दोन दिवस तो फुकट राबतो.

तात्पर्य, ही स्पर्धा दिसते रकमेची, परंतु असते विश्वासाची. ग्राहकाच्या मनातील संशय जो दूर करतो, त्याला काम मिळते; आणि तो अधिक रकमेलाही मिळते.

आपला दर कसा ठरवावा

दर इतरांच्या बोलीकडे पाहून ठरविण्याऐवजी आपल्या गरजेचा व श्रमाचा हिशेब मांडून ठरवावा. उदाहरणादाखल एक हिशेब पाहता येईल. समजा, एका लेखिकेला घरखर्चासाठी दरमहा ३६,००० रुपये हवे आहेत. ती महिन्याचे २५ दिवस, रोज ६ तास, म्हणजे १५० तास काम करू शकते. वरवर पाहता ताशी २४० रुपये दर पुरेसा वाटेल.

परंतु या १५० तासांपैकी बोली लावणे, पत्रव्यवहार आणि अभ्यास यांत ६० तास गेले, तर मोबदल्याचे तास ९० च उरतात. वीज, आंतरजाल जोडणी, संगणकाची झीज व टोकने यांचा खर्च ५,००० रुपये धरावा. स्वतंत्र व्यावसायिकाला भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. तेव्हा आजारपण व पुढील काळ यांसाठी ४,००० रुपये बाजूला काढावेत. एकूण गरज झाली ४५,००० रुपयांची. संकेतस्थळाचे शुल्क १० टक्के धरल्यास ग्राहकांकडून ५०,००० रुपये यावयास हवेत. ही रक्कम ९० तासांनी भागली असता ताशी दर येतो सुमारे ५५६ रुपये. पहिल्या अंदाजाच्या दुपटीहून तो अधिक आहे.

आता शब्दांच्या दराचा विचार करू जाता, 'शब्दाला एक रुपया' हा दर आकर्षक वाटतो. १,००० शब्दांच्या लेखासाठी दोन तास वाचन, दोन तास लेखन आणि एक तास दुरुस्ती असे पाच तास लागत असतील, तर हा दर ताशी २०० रुपये आणि शुल्क वजा जाता १८० रुपयेच पडतो. वरील लेखिकेला याच लेखासाठी २,७८० रुपये, म्हणजे शब्दाला सुमारे पावणेतीन रुपये मागणे भाग आहे. या रकमेला ग्राहक मिळत नसेल, तर दर उतरविण्यापूर्वी विषय बदलण्याचा विचार करावा. ज्या विषयाचे वाचन तिचे आधीच झालेले आहे, त्या विषयाचा लेख पाचऐवजी तीन तासांत होईल, आणि तेवढाच तिचा खरा दर वाढेल.

चांगला मोबदला कोणत्या लेखनाला

कोणालाही लिहिता येईल अशा लेखनाला मोबदला कमी असतो, कारण ते लिहिणारे पुष्कळ असतात. लेखनाबरोबर एखाद्या विषयाचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याची गोष्ट वेगळी. औषधांविषयीची माहितीपत्रके, यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका, संगणक-प्रणालींचे मार्गदर्शक, अनुदानासाठी संस्थांनी करावयाचे प्रस्ताव, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, संशोधन-निबंधांचे भाषासंपादन ही कामे केवळ भाषेवर होत नाहीत.

या दृष्टीने महाराष्ट्रातील तरुणांपाशी असलेले भांडवल ते स्वतःच अनेकदा ओळखत नाहीत. राहुरीच्या वा परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या तरुणाला ठिबक सिंचन, द्राक्षावरील रोग किंवा मातीपरीक्षण यांविषयी जे ठाऊक असते, ते केवळ इंग्रजी उत्तम असणाऱ्या लेखकाला ठाऊक नसते. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली तरुणी, रुग्णालयात दहा वर्षे काढलेली परिचारिका, सहकारी पतसंस्थेत हिशेब पाहिलेला वाणिज्य पदवीधर या प्रत्येकाचा अनुभव म्हणजे लेखनाचा एक स्वतंत्र विषय आहे. 'सर्व प्रकारचे लेखन करून मिळेल' असा फलक लावण्यापेक्षा 'सिंचन व फळबागा यांविषयीचे लेखन' असा फलक लावणाऱ्याकडे ग्राहक कमी येतील. परंतु जे येतील ते त्यालाच शोधत येतील.

बोलीपत्र

ग्राहकासमोर एका कामासाठी अनेक पत्रे येतात आणि प्रत्येकाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच त्याला प्रथम दिसतात. 'महोदय, मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक असून मला संधी द्यावी' असा मजकूर त्यात असेल तर पत्र तेथेच बाजूला पडते. कारण मेहनती व प्रामाणिक असल्याचे प्रत्येक अर्जदार सांगतच असतो. याउलट, 'आपल्या पुस्तिकेत पंपाची जोडणी आणि देखभाल ही दोन्ही प्रकरणे एकत्र दिसतात. शेतकरी ती वेगवेगळ्या वेळी वाचणार असल्याने ती स्वतंत्र करावीत असे वाटते. अशाच एका पुस्तिकेची चार पाने सोबत जोडली आहेत' असे लिहिणाऱ्याने जाहिरात वाचली आहे, विचार केला आहे आणि त्याला विषय येतो, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात सिद्ध होतात.

उत्तम बोलीपत्रात चार गोष्टी असाव्यात : ग्राहकाची गरज समजल्याची खूण, त्याच विषयाचा एखादा नमुना, काम कोणत्या टप्प्यांनी व किती दिवसांत होईल याचा आराखडा, आणि रक्कम. दुरुस्त्या किती वेळा करून दिल्या जातील हेही त्यातच नमूद करावे. न केल्यास दुरुस्त्यांना अंत राहात नाही. पत्र एका पानाच्या आत असावे. इंग्रजी साधे असले तरी चालते, चुकीचे असून चालत नाही. कारण पत्र हाच लेखकाचा पहिला नमुना असतो.

बोली लावण्यापूर्वी ग्राहकाचीही पारख करावी. त्याने आजवर किती कामे दिली, किती रक्कम खर्च केली, पैसे देण्याची त्याची व्यवस्था पडताळलेली आहे काय आणि इतर लेखकांनी त्याच्याविषयी काय लिहिले आहे, ही माहिती अपवर्कसारख्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. चांगला दर देणारा ग्राहक जुन्या नोंदींवरून ओळखता येतो.

पहिल्या कामाची अडचण

अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. येथे तो अधिकच घट्ट असतो, कारण ग्राहकाने दिलेले गुण व अभिप्राय हेच येथील प्रमाणपत्र. या संदर्भात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ महिलेने ओडेस्कवरील ९५२ व्यक्तींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून नोंदणीचे छोटेसे काम दिले आणि काम झाल्यावर त्यांना अभिप्राय दिले. ज्या नवागतांना असे काम मिळाले, त्यांना पुढील काळात काम न मिळालेल्यांपेक्षा अधिक कामे मिळाली व त्यांची प्राप्तीही वाढली. त्यांची गुणवत्ता तीच होती. ती कोणीतरी पाहिली असल्याची नोंद तेवढी नवी होती.

म्हणून पहिली दोन-तीन कामे लहान परंतु आपल्याच विषयातील निवडावीत आणि ती मुदतीपूर्वी, निर्दोष करून द्यावीत. त्यासाठी दरात थोडी सवलत देणे गैर नाही. मात्र ती सवलत किती कामांपुरती, हे आधीच ठरवून ठेवावे. सवलतीचा दरच कायमचा दर होऊन बसला, तर पुढे तो वाढविणे कठीण जाते. 'नमुना म्हणून' संपूर्ण लेख फुकट मागणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नकार द्यावा व तयार नमुने दाखवावेत.

दुकानदार जशी कीर्द-खतावणी ठेवतो, तशी लेखकाने बोलींची वही ठेवावी. तारीख, कामाचा विषय, बोलीची रक्कम, खर्च झालेली टोकने, उत्तर आले की नाही, प्रत्यक्ष लागलेले तास आणि हाती आलेली रक्कम एवढे रकाने पुरेत. तीन महिन्यांनी वही चाळली, की कोणत्या विषयात उत्तरे येतात आणि कोणत्या कामात खरा दर पडतो हे आपोआप स्पष्ट होते.

पैशाची सुरक्षितता आणि फसवणूक

बोली-संकेतस्थळाचे शुल्क देण्यात लेखकाचा एक मोठा लाभ असतो, तो म्हणजे रकमेची सुरक्षितता. ठरीव रकमेच्या कामात ग्राहकाने त्या टप्प्याची रक्कम आधी संकेतस्थळाकडे अनामत ठेवावयाची असते. ती जमा झाल्याची खात्री झाल्याशिवाय लेखनास आरंभ करू नये. अपवर्कवर काम सादर केल्यानंतर ग्राहकाने १४ दिवसांत काहीच कळविले नाही, तर रक्कम लेखकाला मोकळी होते. ताशी कामात लेखकाच्या संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे ठराविक काळाने घेणारी प्रणाली चालू ठेवावी लागते. ती चालू असेल तरच तासांच्या मोबदल्याची हमी मिळते. 'संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू, शुल्क वाचेल' असे सुचविणाऱ्याच्या बोलण्याला भुलू नये. त्यात नियमभंग तर होतोच, शिवाय ही सारी हमी नाहीशी होते.

फसवणुकीचा एक प्रकार भारतात विशेष आढळतो. घरबसल्या नक्कललेखन किंवा अर्ज भरण्याचे काम देण्याच्या मिषाने प्रथम नोंदणी शुल्क घेतले जाते. काम दिल्यावर त्यात चुका दाखविल्या जातात आणि करारभंगाची नोटीस धाडून दंड मागितला जातो. घाबरून अनेक जण पैसे भरतात. येथे एक साधा नियम ध्यानात ठेवावा : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण वा अनामत यांच्या नावाखाली ग्राहकाने पैसे मागितले, की तेथेच थांबावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर किंवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी.

काही कामे पैसा चांगला देतात, परंतु ती घेऊ नयेत. विद्यार्थ्यांचे प्रबंध लिहून देणे, न वापरलेल्या वस्तूंची खोटी प्रशंसा लिहिणे ही त्यांतील ठळक होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले आहेत. अशा कामाने विद्यार्थी तर अडचणीत येतोच. आणि ज्या विश्वासावर लेखकाचा व्यवसाय उभा आहे त्यालाही तडा जातो.

मराठीचे बळ

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचू इच्छिणाऱ्या कंपन्यांना भ्रमणध्वनीवरील प्रणाली, जाहिराती, चित्रपटांची उपशीर्षके, औषधांची माहितीपत्रके मराठीत हवी असतात. इंग्रजी लेखनाच्या कामासाठी जगभरातून बोली येतात. मराठी भाषांतरासाठी येणाऱ्या बोली साहजिकच मोजक्या असतात. कामेही तुलनेने कमी असली, तरी दोन्ही भाषा व एक विषय जाणणाऱ्याला तेथे आपले स्थान लवकर निर्माण करता येते.

या कामी राज्यात उत्तम साधने उपलब्ध आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले असून ते आज संगणकावरही पाहता येतात. मराठी विश्वकोशही आंतरजालावर खुला आहे. मात्र कोशातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा योजावा असे नाही. शेतकऱ्यासाठीच्या पुस्तिकेत शेतकऱ्याचाच शब्द असावा, आणि कायद्याच्या मसुद्यात कायद्याचा. ही पारख ज्याला आहे, त्याच्या भाषांतराला किंमत येते.

यंत्रलेखनाचे आव्हान

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' ही प्रणाली खुली झाली आणि लेखनकामांच्या बाजारात मोठे स्थित्यंतर घडले. त्यानंतरच्या महिन्यांत अपवर्कवरील नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा लेखनासारख्या क्षेत्रांत काम करणाऱ्यांच्या कामांच्या संख्येत सुमारे २ टक्के आणि मासिक प्राप्तीत सुमारे ५ टक्के घट झाल्याचे आढळले. सरधोपट लेखन यंत्र क्षणार्धात करते, तेव्हा अशा लेखनावर विसंबणे यापुढे धोक्याचे आहे. प्रत्यक्ष पाहणी, मुलाखत, आकड्यांची पडताळणी आणि मजकुराची जबाबदारी या गोष्टी यंत्र लेखकाच्या वतीने पार पाडू शकत नाही. यंत्राचे साहाय्य घ्यावयाचे झाल्यास ग्राहकाला तसे आधी कळवावे. अनेक ग्राहक करारातच याविषयी अट घालतात आणि ती मोडल्यास काम व नाव दोन्ही जाते.

हक्क आणि हिशेब

स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला स्वामी, १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे तो लेखकच असतो, आणि हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. परंतु बोली-संकेतस्थळांच्या करारात, मोबदला मिळताच हक्क ग्राहकाकडे जातील असे कलम बहुधा असते. त्यामुळे तो मजकूर पुढे नमुना म्हणून दाखविता येईल किंवा कसे, हे काम घेतानाच विचारून ठेवावे.

परदेशातून आलेली प्राप्तीही आयकरास पात्र असते. बँकेकडून परकीय रकमेच्या आवकेचा दाखला घेऊन जपून ठेवावा. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे आणि निर्यात सेवांवर हा कर शून्य दराने लागतो. तथापि त्यासाठीच्या अटी व कागदपत्रे यांविषयी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

या प्रकारच्या कामगारांची दखल आता शासनानेही घेतली आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख कामगार होते. त्यात माल पोहोचविणारे व वाहनचालक यांचाही समावेश होतो. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज त्यात वर्तविला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' या वर्गाची व्याख्या प्रथमच कायद्यात आली.

बोलीची बाजारपेठ ही गरजूची परीक्षा पाहणारी आहे. निकड असलेला मनुष्य पडेल त्या दराला होकार देतो, आणि असे होकार एकत्र येऊन सर्वांचाच दर खाली खेचतात. यावर उपाय लेखकाच्याच हाती आहे. आपल्या तासाची किंमत माहीत असणे, एका विषयात पाय रोवून उभे राहणे आणि दिलेला शब्द मुदतीत पाळणे या तीन गोष्टी ज्याने साधल्या, त्याला प्रत्येक कामासाठी नव्याने बोली लावावी लागत नाही. जुनेच ग्राहक काम घेऊन पुन्हा त्याच्याकडे येऊ लागतात. मानधनाचा संकोच सोडून योग्य मोबदला मागण्याचे धैर्य आणि तो घेण्यास लागणारी पात्रता यांची जोड घातली गेली, तर तालुक्याच्या गावातील अभ्यासू लेखकालाही लेखणीवर घर चालविणे अशक्य राहणार नाही.